पराचा कावळा कसा होतो?

हूल, आवई, कंडी, वावडी, वदंता, भुमका. एकाच वस्तूला मराठीत इतकी नावे पडली आहेत, यावरूनच तिचा आपल्याकडे खप किती आहे हे ध्यानात यावे. आता 'अफवा' हा एकच शब्द सगळीकडे चालतो. पण जुन्या शब्दांत एक गंमत होती. हूल उठते, कंडी पिकते, वावडी उडते. पाऊस पडावा तशी ती जणू आपोआप होते. ती कुणी केली, हे विचारायची सोय भाषेने सहसा ठेवलेलीच नाही. आज आपल्याला नेमके तेच विचारायचे आहे. हूल उठते म्हणजे काय होते? कुणाच्या मनात, आणि कशासाठी? शहाणीसुरती माणसे तिच्यामागे का धावतात?

या प्रश्नांचा अभ्यास करणारे एक शास्त्र आहे. त्याला सामाजिक मानसशास्त्र म्हणतात. नाव भारदस्त असले तरी विषय तुमच्या-आमच्या पारावरचाच आहे. एकटा असताना एक विचार करणारा माणूस चारचौघांत आला की त्याचे बघणे, बोलणे, ठरवणे कसकसे बदलते, ते हे शास्त्र पाहते. आणि घरी बसून तर्क न लढवता माणसांना प्रत्यक्ष प्रसंगात घालून, मोजदाद करून पाहते.

विषय गमतीचा वाटेल, म्हणून त्याची दुसरी बाजू आधी सांगतो. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. तिथे त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागत त्या भागात आली होती. मुले पळवणारी टोळी हिंडते आहे, अशी हूल तिथे काही दिवस आधीपासून उठलेली होती. पाचांपैकी एकजण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढेच निमित्त झाले, असे त्या वेळच्या बातम्यांत आले. जमाव जमला. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मारहाण झाली आणि पाचही जण मेले. त्यांनी कुणाचे मूल पळवलेले नव्हते.

असे काही घडले की आपण शिकलेले म्हणवणारे लोक चटकन म्हणतो, 'अडाणी लोक, दुसरे काय!' हे उत्तर सोयीचे आहे, पण ते टिकत नाही. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता दिल्लीहून मुंबईला आणि तिथून थेट लंडनपर्यंत एका दिवसात पोचली. त्या रांगांत पदवीधर होते, अधिकारी होते. चमच्याच्या कडेचे दूध पृष्ठताणामुळे मूर्तीकडे ओढले जाते आणि पातळ ओघळाने खाली उतरते, हे शास्त्रज्ञांनी रंग घातलेले दूध वापरून लगेच दाखवूनही दिले. पृष्ठताणाचा धडा त्या रांगेतल्या कित्येकांनी शाळेत घोकलेला असणार! तेव्हा शाळा शिकली म्हणजे हुलीपासून सुटका झाली, असे काही म्हणता येत नाही. कारण दुसरीकडे शोधले पाहिजे.

ते शोधण्याच्या कामी आपल्याच देशातल्या एका अभ्यासकाचा वाटा मोठा आहे, आणि ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही. १५ जानेवारी १९३४ ला दुपारी दोनच्या सुमारास बिहार आणि नेपाळ भयंकर भूकंपाने हादरले. मुंगेर, मुजफ्फरपूर ही शहरे ढासळली, हजारो माणसे दगावली. पाटण्याला त्या वेळी जमुना प्रसाद नावाचे मानसशास्त्राचे अभ्यासक होते. भूकंपानंतर लोकांच्या तोंडी ज्या कंड्या होत्या, त्या त्यांनी टिपून ठेवल्या आणि १९३५ मध्ये त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. कंड्या तरी कोणत्या? भूकंपाच्या वेळी गंगेचे पाणी नाहीसे झाले आणि आंघोळ करणारी माणसे वाळूत रुतली. नेपाळच्या सरहद्दीकडून पुराचा लोंढा धावत येतो आहे. मोठे वादळ होणार आहे. २३ जानेवारी हा घातवार आहे, त्या दिवशी काय होईल सांगता येत नाही. चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा धरणी हलणार.

यांत एक चमत्कारिक गोष्ट आहे. माणूस घाबरला असेल तर त्याला धीराचे शब्द हवेत. 'आता काही होणार नाही' अशी हूल उठायला हवी होती. उठली ती उलट. आहे त्या भीतीत भर घालणारी. घाबरलेल्या माणसांनी एकमेकांना आणखी घाबरवावे, हे काय गौडबंगाल?

हा प्रश्न वीसेक वर्षांनी लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला पडला. प्रसादांचा निबंध वाचताना त्याच्या ध्यानात आले की या कंड्या जिथे पसरल्या, तिथल्या लोकांना धक्का जोराचा बसला होता, पण डोळ्यांसमोर पडझड अशी झालेली नव्हती. आता त्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. छाती धडधडते आहे, पाय लटपटताहेत. आणि भोवती पाहावे तर घर उभे, गोठा उभा, बैल रवंथ करतो आहे. मग आपण भितो आहोत ते कशाला? भीती आहे आणि भीतीला कारण नाही, ही अवस्था मनाला फार वेळ सोसत नाही. भीती तर हुकूम केल्याने जात नाही. म्हणून मन दुसरी वाट धरते, ते भीतीला शोभेल असे कारण शोधते. एवढ्यात कुणी येऊन सांगतो, 'नेपाळकडून पूर येतोय.' ऐकणारा म्हणतो, 'तरीच!'

हा 'तरीच' फार महत्त्वाचा. माझ्या मते हुलीचे सगळे बळ या एका शब्दात आहे. बातमी खरी की खोटी हे पाहण्याच्या आधीच ती मनातल्या रिकाम्या खोबणीत चपखल बसते, आणि जी गोष्ट चपखल बसली ती आपल्याला खरी वाटते. फेस्टिंगरने पुढे १९५७ मध्ये मनातल्या विसंगतीविषयीचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्याची पहिली ठिणगी आपल्याला बिहारच्या या कंड्यांवरून मिळाली, असे त्याने त्यात सांगून ठेवले आहे.

याचा पडताळा घ्यायलाही आपल्याच देशातला पुरावा मिळाला. जून १९५० मध्ये दार्जिलिंगला दरडी कोसळून मोठी हानी झाली. दुर्गानंद सिन्हा यांनी तिथल्या लोकांचे बोलणे तपासले आणि १९५२ मध्ये ते छापले. या लोकांनी नाश स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. त्यांच्यात पुढच्या संकटांची तसली भाकिते आढळली नाहीत. बरोबरच आहे. ज्याची भिंत खरोखर खचली त्याला भीतीसाठी वेगळे कारण पैदा करावे लागत नाही.

आता २०१८ कडे वळू. त्या वर्षी देशभर मोबाइलवर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात. ती मुळात पाकिस्तानात कराचीच्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी केलेली होती. शेवटी ते लोक मूल परत आणून ठेवतात आणि एक फलक दाखवतात, असा तिचा शेवट होता. तो शेवट कुणीतरी कापला. उरले ते नुसते मूल उचलणे. मुलाला घरी किंवा अंगणात ठेवून दिवसभर रानात राबणाऱ्या आईच्या मनात धाकधूक कायमचीच असते. पण तिला धड नाव नसते. चित्रफितीने त्या धाकधुकीला तोंड दिले, हातपाय दिले. तरीच!

भीतीखेरीज आणखी काय लागते? हार्वर्ड विद्यापीठातले गॉर्डन ऑलपोर्ट आणि त्यांचे सहकारी लिओ पोस्टमन यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या अफवांचा अभ्यास करून १९४७ मध्ये एक पुस्तक लिहिले. त्यांनी एक सूत्र मांडले. अफवेचा जोर म्हणजे त्या गोष्टीचे महत्त्व गुणिले तिच्याविषयीची संदिग्धता. गणिताच्या मास्तरांनी इथे लक्ष द्यावे. बेरीज नाही, गुणाकार आहे. दोहोंपैकी एक शून्य झाले की उत्तर शून्य. परमुलखात उंटांचा भाव चढला ही वार्ता कितीही धूसर असो, आपल्या गावात तिची कंडी पिकणार नाही. कारण आपल्याला उंटाशी कर्तव्य नाही. उलट, रेशनवर या महिन्यात धान्य येणार की नाही हा प्रश्न अगदी पोटाशी भिडलेला आहे. पण दुकानासमोरच्या फळ्यावर आलेला साठा आणि वाटपाची तारीख रोज लिहिली, तर हुलीला जागा उरत नाही. महत्त्व कमी करणे आपल्या हाती नसते. मूल कुणाला बिनमहत्त्वाचे वाटेल? हात घालायचा तो संदिग्धतेला.

मात्र फळ्यावर लिहून भागत नाही. लिहिणाऱ्यावर भरवसा लागतो. सूत्रात ही बाब नाही आणि मला ती त्यातली मोठी उणीव वाटते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा इस्पितळात नेलेल्या माणसाला मारून त्याच्या अंगातून औषधी तेल काढतात, अशी हूल उठली होती. त्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्लाही केला. सरकार परक्याचे होते, घरातला माणूस जबरदस्तीने उचलून नेला जात होता, आणि नेलेले बहुतेक परत येत नव्हते. अशा वेळी सरकारी पत्रक कितीही खरे असले तरी ते वाचतो कोण? ज्या गावात एरवी खरे सांगितले जात नाही, त्या गावात संकटाच्या दिवशी सांगितलेले खरेही खोट्यात जमा होते.

आता पर आणि कावळा यांच्याकडे येऊ. गोष्ट एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना तिचे काय होते, हे ऑलपोर्ट-पोस्टमन यांनी प्रयोगाने पाहिले. एकाला चित्र दाखवायचे, त्याने दुसऱ्याला त्याचे वर्णन सांगायचे, दुसऱ्याने तिसऱ्याला. बाकीच्यांनी चित्र पाहायचे नाही. पाच-सहा तोंडे झाली की मूळ तपशिलांपैकी सुमारे सत्तर टक्के गळून गेलेले असत. म्हणजे आपण समजतो तशी गोष्ट फुगत जात नाही, ती आधी आखडते. तिचे बारकावे झडतात आणि उरलेले दोन-तीन टोकदार होतात. त्यांच्या एका चित्रात आगगाडीच्या डब्यात एक गोरा आणि एक काळा माणूस बोलत उभे होते, आणि वस्तरा होता गोऱ्याच्या हातात. गोऱ्या अमेरिकन लोकांच्या तोंडून फिरता फिरता निम्म्याहून अधिक वेळा तो वस्तरा कुठेतरी काळ्या माणसाच्या हातात गेला. कुणी मुद्दाम खोटे बोलले नव्हते. मनात आधीपासून जे चित्र होते, त्याने डोळ्यांनी पाहिलेल्या चित्राला बाजूला सारले.

आपल्याकडे वस्तरा कुणाच्या हातात जातो? भटक्याच्या. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने कित्येक जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. शिक्का मात्र मनात राहिला आणि पालावर राहणाऱ्या, भिक्षा मागणाऱ्या कुठल्याही माणसावर उमटू लागला. हुलीला टोळी हवी होती; टोळीला चेहरा हवा होता; तो कोणाचा असायचा हे बाजारच्या दिवसाआधीच ठरून गेले होते.

मराठीपुरते एक निरीक्षण मी इथे जोडतो. आपल्या भाषेत 'म्हणे' हा एक बहुमोल शब्द आहे. 'पलीकडच्या गावात मुले पळवणारे आले होते म्हणे.' म्हणजे काय? मी पाहिलेले नाही, ऐकलेले आहे. जबाबदारी माझी नाही. इतक्या थोडक्यात एवढा प्रामाणिकपणा फार थोड्या शब्दांत असेल. पण गोष्ट पुढे सरकते तेव्हा पहिल्यांदा गळतो तो हाच शब्द. दुसरा सांगतो, 'पलीकडच्या गावात मुले पळवणारे आले होते.' तिसरा सांगतो, 'मुले पळवणारे आले आहेत.' काळ बदलला, ठिकाण गळले, 'म्हणे' गेला. आणि ऐकीव गोष्टीची पाहिलेली गोष्ट झाली.

मोबाइलने यात आणखी एक भर घातली. एकच मजकूर चार गटांतून चार वेळा आला की आपल्याला चार साक्षीदार भेटल्यासारखे वाटते. वास्तविक साक्षीदार एकही नसतो. नुसती पुन्हापुन्हा कानी पडली म्हणून गोष्ट अधिक खरी वाटू लागते, हे १९७७ मध्ये अमेरिकेत प्रयोगाने दिसून आले आहे. राईनपाड्यानंतर, जुलै २०१८ मध्येच, व्हॉट्सॲप कंपनीने पुढे ढकललेल्या मजकुरावर तशी खूण दिसेल अशी सोय केली आणि भारतात एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी तो ढकलता येणार नाही असे जाहीर केले. माणसांनी गाळलेला 'म्हणे' यंत्राकडून परत लावून घेतला, म्हणा ना!

एवढे झाले तरी एक प्रश्न उरतोच. जमावात सगळ्यांचा विश्वास बसलेला असतो का? नसतो. काहींना शंका असते. मग ते बोलत का नाहीत?

सॉलोमन ॲश याने १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत अजून शिकवला जातो, आणि शिकवला जावा अशाच योग्यतेचा आहे. एका पत्त्यावर एक रेघ. दुसऱ्या पत्त्यावर लहानमोठ्या तीन रेघा. तीनपैकी पहिलीएवढी कोणती, ते मोठ्याने सांगायचे. तिसरीतल्या मुलालाही जमेल. खोलीत सात-आठ तरुण बसलेले. पण एकटा सोडून बाकी सगळे ॲशने आधी पढवून ठेवलेले. ठरलेल्या वेळी ते सगळे एकामागून एक तेच चुकीचे उत्तर ठासून देत. मग या बिचाऱ्याची पाळी. एकटे असताना अशी माणसे जवळजवळ कधीच चुकत नव्हती. पण इतरांचे ऐकल्यावर त्यांच्या उत्तरांतली सुमारे ३७ टक्के चुकीची निघाली, आणि चारांतले तीन जण निदान एकदा तरी गटाच्या मागे गेले. नंतर विचारले तेव्हा कुणी म्हणाले, एवढे सगळे सांगताहेत तर माझ्याच डोळ्यांत काही दोष असेल. कुणी म्हणाले, मला दिसत होते, पण उगाच वेगळे कशाला पडा! राईनपाड्यासारख्या ठिकाणी या दोन्ही जातींची माणसे असणार.

पुष्कळ ठिकाणी हा प्रयोग इथेच संपवतात. मला त्याचा पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. ॲशने पढवलेल्या मंडळींत एकाला फोडले आणि खरे उत्तर द्यायला सांगितले. बाकी सगळे पूर्ववत. एवढ्याने चुका आधीच्या चौथ्या हिश्श्यावर आल्या. एक माणूस सोबतीला मिळताच शंका असलेल्याला आपली शंका बोलता आली. रेघा मोजणे वेगळे आणि खवळलेल्या जमावापुढे उभे राहणे वेगळे, हे मला कबूल आहे. तिथे जिवाची भीती असते. तरीही, ज्या दिवशी राईनपाडा घडले, त्याच दिवशी रात्री मालेगावात अशाच संशयावरून काही परगावच्या माणसांना जमावाने घेरले होते. त्यांत दोन वर्षांचे मूल होते. तिथल्या एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात आसरा दिला. पोलिस आले, जमावाशी झगडून त्यांनी त्या माणसांना बाहेर काढले, आणि ती वाचली.

जमाव जमल्यावर फार थोडे करता येते. जे करायचे ते हूल अजून पारावर असताना. गावात असे बोलणे कानी आले, तर 'छे, सगळे खोटे' म्हणून सांगणाऱ्याला गप्प करू नका. तो रागावतो, आणि आपली गोष्ट अधिक जोराने दुसरीकडे सांगतो. त्याला प्रश्न विचारा. कुणाचे मूल? कोणत्या गावचे? कोणी पाहिले? तुला कुणी सांगितले, आणि त्याला कुणी? दोन पायऱ्या खाली उतरलात की बहुधा जमीन लागतच नाही. मग चारजणांदेखत पोलीस पाटलाला किंवा ठाण्याला विचारा. ११२ हा क्रमांक सगळ्यांना पाठ असावा. खुलासा फळ्यावर लिहायचा झाला तर खरी गोष्ट आधी लिहा आणि मोठ्या अक्षरांत लिहा. 'मुले पळवणारी टोळी आली आहे ही अफवा खोटी आहे' असे लिहिले, तर घाईत वाचणारा पहिले चार शब्द घेऊन घरी जातो. 'आपल्या तालुक्यातले एकही मूल हरवलेले नाही' असे पोलिसांकडून खात्री करून घेऊन लिहिले, तर तो हे घेऊन जाईल. १९४२ मध्ये, युद्धाच्या दिवसांत, अमेरिकेत बॉस्टनच्या एका वर्तमानपत्राने अफवांचा दवाखानाच उघडला होता. आठवड्याला एखादी अफवा घ्यायची आणि खरे काय ते छापायचे. तुमच्या शाळेच्या भिंतीवर असा दवाखाना चालवायला पैसा लागत नाही.

शिक्षकांसाठी आणखी एक सुचवतो. पाचवी ते सातवीच्या वर्गात कानगोष्टीचा खेळ सगळ्या मुलांना माहीत असतो. तोच जरा शिस्तीने खेळवा. बाजाराचे एखादे भरगच्च चित्र घ्या, वीसेक तपशील असलेले. त्यात एक अनोळखी, झोळीवाला माणूस असू द्या, आणि भांडण मात्र दुसऱ्याच दोघांचे चाललेले असू द्या. सहा मुलांना बाहेर पाठवा. पहिल्याला चित्र दाखवून ते झाका, मग साखळी सुरू करा. एका मुलाला प्रत्येकाचे सांगणे जसेच्या तसे कागदावर उतरवायला बसवा. शेवटी चित्र उघडून ते सहा कागद त्याच्या खाली ओळीने लावा. भांडण कितव्या कागदावर झोळीवाल्याच्या माथी आले, आणि 'बहुतेक', 'असे वाटते', 'म्हणे' हे शब्द कितव्या कागदापर्यंत टिकले, ते मुलांनाच शोधून मोजू द्या.